सावनीचं बुटकं झुडूप, परभणीची भेंडी आणि दोघांची रानटी भावकी



रोपवाटिकेत कुंडीत ठेवलेलं, मांडीएवढं उंच, चुरगाळलेल्या कागदासारख्या गुलाबी फुलांचं झुडूप बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. नर्सरीवाले त्याला लॅजरस्ट्रोमिया म्हणतात, इंग्रजीत क्रेप मर्टल, हिंदीत सावनी. "हे थंडीत टिकतं का, आपल्याकडं चालतं का, अन् एवढं बुटकं कसं केलं?" असं विचारणारे मेसेज बरेच आले. उत्तर दोन ओळीत देता आलं असतं. पण या झुडपाचा इतिहास चाळला तर तो फिरून आपल्या परभणीतल्या भेंडीच्या वाफ्यापर्यंत येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नातं बघू. आपलं राज्यफूल ताम्हण, म्हणजे जारूळ, हे सावनीचं सख्खं भावंड. दोघांचं कुळनाव लॅजरस्ट्रोमिया. ताम्हण उंच झाड होतं, त्याला कोकणचा पाऊस मानवतो. सावनी मुळात झुडूप. आणि आताच्या वर्गीकरणात मेंदी, धायटी आणि आपलं डाळिंब हीसुद्धा त्याच घराण्यात मोडतात. डाळिंबवाल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढं कामाला येणार आहे.

सावनीचं शास्त्रीय नाव लॅजरस्ट्रोमिया इंडिका. नावात इंडिया आहे, पण झाड मूळचं चीनकडचं. तिथं तांग घराण्याच्या काळात ते राजवाड्याच्या आवारात लावत. इ. स. ७१३ मध्ये तिथल्या बादशहानं आपल्या एका मोठ्या सरकारी कचेरीला या फुलाच्या नावाशी जुळणारं, झीवेई हे नाव दिलं. तिथले लोक त्याला 'शंभर दिवस लाल' असंही म्हणतात, कारण उन्हाळाभर फूल हटत नाही. पुढं १७५९ साली स्वीडनच्या लिनियसनं त्याला शास्त्रीय नाव दिलं. लॅजरस्ट्रोम हा स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, लिनियसला पूर्वेकडची झाडं मिळवून देणारा. त्याच्या नावावरून कुळाचं नाव पडलं. त्या काळी पूर्वेकडून जहाजातून आलेल्या कितीतरी झाडांना युरोपात सरसकट 'इंडिका' म्हणत. आपल्या सातबाऱ्यावर चुकून दुसऱ्याचं नाव चढावं आणि तेच कायम राहावं, तसं झालं.

आता थंडीचं बघू. इंग्लंडमध्ये हे झाड गेलं, जगलं, पण फुलायला नाखूश. तिथला उन्हाळाच कोमट. अमेरिकेत १७९० च्या सुमारास आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञानं ते दक्षिणेकडच्या चार्ल्सटन गावी आणलं असं सांगतात. तिथं उन्हाळा कडक, त्यामुळं ते असं फुललं की लोकांना ते तिथलंच वाटू लागलं. म्हणजे 'थंड प्रदेश' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिवाळा किती बोचरा, ही एक. उन्हाळा किती तापतो, ही दुसरी. सावनीला हिवाळ्याची थंडी बऱ्यापैकी सोसते, पण उन्हाळ्याची ऊब नसेल तर फूल नाही.

हिवाळ्यात ती कशी तगते, हे शेतकऱ्याला लगेच कळेल. सावनीला फूल येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, जुन्या लाकडावर नाही. बर्फानं वरच्या सगळ्या फांद्या वाळून गेल्या तरी मुळी जिवंत असली की बुडातून कोंब फुटतो आणि त्याच उन्हाळ्यात त्यावर फूल येतं. बुटक्या जातींचा खरा फायदा इथंच आहे. उंच जात जमिनीपासून नव्यानं वाढायची तर मोसम निघून जातो. बुटकी जात चार महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठून फुलून मोकळी होते. शिवाय तिच्या बुडाला पाचट नाहीतर पालापाचोळा घातला की झाकायला सोपी.

माझा एक चुलतभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. एप्रिल सरत आला तरी झाड कोरडं ठाक, उपटू का म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणलं, "बाबा, नखानं साल खरवडून बघ. आत हिरवं असलं तर थांब. नसलं तरी मे संपेस्तोवर बुडाला हात लावू नको." हे झाड सगळ्यात उशिरा जागं होतं. आणखी एक सांगितलं: ऑगस्टनंतर युरिया बंद, पाणीही बेतानं. उशिरा फुटलेली कोवळी फूट पहिल्याच हिमात काळी पडते.

पण सावनीचं मोठं दुखणं थंडी नव्हतं, भुरी होतं. द्राक्षवाल्यांना भुरी सांगायची गरज नाही. दमट हवेत पानं, कळ्या पिठाळ व्हायच्या आणि फूल उमलायचंच नाही. फवारण्या करून लोक थकले. १९५६ साली जॉन क्रीच नावाच्या अमेरिकी संशोधकानं जपानच्या याकुशिमा बेटावरच्या जंगलातून सावनीच्या एका रानटी भावाचं बी आणलं, लॅजरस्ट्रोमिया फौरेई. फूल पांढरं, लहान, बागवाल्यांच्या नजरेत न भरणारं. पण त्याला भुरी दबत होती. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगोल्फ यांनी १९६० च्या दशकापासून या रानटी जातीचा सावनीशी संकर सुरू केला. १९७८ मध्ये नॅचेझ आणि मस्कोगी या संकरित जाती आल्या. त्यानंतरच्या दशकात ॲकोमा, होपी, झुनी अशा ठेंगण्या जाती आल्या. एगोल्फ १९९० मध्ये वारले, पण त्यांचं काम थांबलं नाही. दशक संपता संपता पोकोमोक, चिकासॉ या कंबरेच्याही खाली राहणाऱ्या जाती त्याच संस्थेतून बाहेर पडल्या. ज्या झाडाकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याच्या रक्तामुळं भुरीवरच्या फवारण्या कमी झाल्या.

आता परभणीला या.

अमेरिकेत हे चाललं होतं त्याच काळात आपल्याकडं भेंडीचं काय चाललं होतं, हे पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल. पुसा सावनी ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची जात १९५० च्या दशकातली, श्रावणात म्हणजे पावसाळ्यात घ्यायची म्हणून सावनी. नाव सारखं, झाडाशी संबंध नाही. शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू ती सोसते म्हणून ती देशभर गाजली. पांढऱ्या माशीनं पसरणारा हा रोग. कोणी हळद्या म्हणतं, कोणी केवडा. पण काही वर्षांत पुसा सावनीही पिवळी पडू लागली. पान पिवळं, फळ पिवळं, बाजारात भाव नाही.

तेव्हा आपल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२, आताचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी तोच रस्ता धरला. पुसा सावनीचा संकर अबेलमोस्कस मॅनिहॉट या भेंडीच्या दुसऱ्या प्रजातीशी केला. अशा लांबच्या सोयरिकीत पहिली पिढी बहुतेक वांझोटी निघते, बी धरत नाही. मग पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर, दर पिढीत निवड, रोगाच्या दाबात तपासणी. त्यातून उभी राहिली परभणी क्रांती. १९८६ मध्ये त्यांनी तिची माहिती अमेरिकेच्या हॉर्टसायन्स या नियतकालिकात छापली. एगोल्फ यांच्या सावनीच्या जातीही त्याच नियतकालिकात छापून येत. तिकडं शोभेचं झुडूप, इकडं गरिबाची भाजी. पण दोन्हीकडं सूत्र एकच: पाळीव पिकाची खोड काढायला रानातल्या भावकीला घरात घ्यायचं.

परभणी क्रांती ही सरळ वाण होती. बी घरी धरता यायचं, म्हणून ती खेड्यापाड्यात पोचली. मात्र एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढं बऱ्याच ठिकाणी तिचीही ताकद ओसरली. विषाणू बदलतो, माशी बदलते. कोणतीही जात कायमची पोलादी नसते. सावनीचंही तेच. भुरी आवरली, तर २००४ मध्ये टेक्सासमध्ये खोडावर पांढरी खवलेकीड दिसली. ती आशियातून गेलेली. ती डाळिंबावरही जगते. म्हणून डाळिंबवाल्यांना सांगतो, बाहेरून आणलेलं शोभेचं रोप थेट बागेच्या कडेला नेऊ नका. खोडावर, फांद्यांच्या बेचक्यात पांढरे पापुद्रे, वर काळी बुरशी दिसते का, ते आधी बघा.

मग माझा मुद्दा काय? दर वीस-तीस वर्षांनी आपल्याला पुन्हा रानाकडं जावं लागणार आहे. तेव्हा रानात काही शिल्लक असायला पाहिजे. सावनीचे आपल्याकडचे भाऊ बघा: सह्याद्रीतला नाणा, विदर्भाच्या पानगळीच्या जंगलातला लेंडिया, ज्याच्या लाकडाची औतं व्हायची. भेंडीची भावकी ओढ्याकाठी, पडीक बांधावर उगवते. आपण बांध कोरतो, तणनाशक मारतो, ओढा सरळ करतो. मीही शेतकरीच, मजुरीचे दर मला ठाऊक आहेत. रानभेंडी प्लॉटशेजारी ठेवा असं मी म्हणत नाही. त्यावर माशी आणि रोग दोन्ही तगतात. पण वेगळं काही दिसलं, रोगाच्या वर्षात हिरवंगार राहिलेलं एखादं रानटी झाड दिसलं, तर उपटायच्या आधी विद्यापीठात कुणाला तरी दाखवा. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र अकोल्याला आहे, तिथं असं बी जपून ठेवतात.

आता ज्यांना झुडूप लावायचंच आहे त्यांच्यासाठी. आपल्या थंडीत पारा कधी पाच अंशांच्या खाली जातो, पान गळतं, पण झाडाला धोका नाही. ऊनही त्याला भरपूर लागतं. अडचण आहे ती काळ्या भारी जमिनीची. पाणी साचलं की मुळी कुजते. उंचवट्यावर लावा, खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळा. छाटणी जानेवारीअखेर, फूट यायच्या आधी; बुटक्या जातीला नुसत्या वाळक्या काड्या काढल्या तरी पुरे. मावा आला तर पान चिकट होतं, तेव्हा पाण्याचा जोरदार फवारा आधी, औषध नंतर. आणि विकत घेताना जातीचं नाव विचारा. नुसतं 'बुटकं आहे' म्हणून दिलेलं रोप दोन वर्षांत डोक्यावर जाऊ शकतं.

तुमच्या घरी परभणी क्रांतीचं जुनं बी अजून कुणी धरून असेल तर खाली गाव आणि किती वर्षांपासून आहे ते लिहा. मला बघायला यायचंय.