ठोकून सरळ केलेला इतिहास

११ ऑक्टोबर १९६४. पॅरिसजवळच्या माँलेरी ट्रॅकवर हजार किलोमीटरची शर्यत सुरू होती. पावसानं ट्रॅक ओला झाला होता. पीटर लिंडनर या जर्मन ड्रायव्हरची जॅग्वार भर वेगात हाताबाहेर गेली आणि पिटच्या तोंडाशी असलेल्या एका छोट्या अबार्थवर आदळली. अबार्थमध्ये फ्रँको पात्रिया हा इटालियन ड्रायव्हर होता. लिंडनर गेला, पात्रिया गेला आणि तिथे कामावर उभे असलेले तीन मार्शलही गेले.

जॅग्वारचा चेंदामेंदा झाला होता. ते अवशेष फ्रेंच अधिकाऱ्यांनी जप्त केले आणि ते जवळपास दहा वर्षं तसेच पडून राहिले.

२०११ मध्ये हीच गाडी इंग्लंडमध्ये पुन्हा चाकांवर उभी राहिली, तीही त्याच चेपलेल्या पत्र्यासकट. या कामाला सात हजार तास लागले. नवी बॉडी त्याहून कितीतरी आधी झाली असती. खरं तर नवी बॉडी आधीच झालेली होती! तरीही कुणाला तरी तो जुना, चुरगळलेला पत्राच हवा होता. का?

त्यासाठी आधी ही गाडी काय होती ते बघू. जॅग्वारनं ‘ई-टाइप’ १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांसमोर आणली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी आखला होता. ते विमान कंपनीतून जॅग्वारमध्ये आले होते आणि हवा कुठून कशी सरकेल याचं गणित मांडून रेषा ओढायचे. या गाडीचा मधला भाग ‘मोनोकॉक’ पद्धतीचा होता. म्हणजे खाली वेगळी चॅसी आणि वर पत्र्याचं झाकण, असा प्रकार नव्हता. पत्र्याची पेटी हाच गाडीचा कणा होता. इथे बॉडीचं काम करणं म्हणजे नुसती कातडी सावरणं नाही, हाड बसवणं आहे.

साधी ई-टाइप पोलादी होती. रेसिंगमध्ये फेरारीच्या २५० जीटीओशी झुंजायचं तर वजन उतरवणं भाग होतं. म्हणून १९६३ पासून जॅग्वारनं काही गाड्या ॲल्युमिनियमच्या केल्या. वजन ११४ किलोंनी घटलं. या ‘लाइटवेट’ गाड्यांसाठी १८ नंबर राखून ठेवले होते, प्रत्यक्षात बनल्या फक्त १२. त्यातली एक लिंडनरकडे आली. १९६३ च्या न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीत त्यानं पहिल्या फेरीत भल्याभल्या फेरारींना मागे टाकलं होतं. पुढच्या वर्षी ल माँच्या शर्यतीसाठी तिला हवा सहज कापणारं, मागे उतरत जाणारं नवं छप्पर मिळालं. पीटर नोकर हा लिंडनरचा जोडीदार, म्हणून आज ती ‘लिंडनर-नोकर’ या जोडनावानं ओळखली जाते.

अपघातानंतर अवशेष सुटले, मालक बदलले. पुढे एका टप्प्यावर वाचलेले यांत्रिक भाग घेऊन त्यांवर संपूर्ण नवी बॉडी चढवली गेली. गाडी धावू लागली. मोडकी मूळ पेटी मात्र कुणी भंगारात घातली नाही, ती बाजूला राहिली. आता एकाच गाडीचे दोन वारस झाले: एक दिसायला अखंड, पण नवा, दुसरा मूळ, पण चुरगळलेला. शेवटी दोन्ही एकाच मालकाकडे आले आणि ब्रिजनॉर्थ गावातल्या क्लासिक मोटर कार्स या वर्कशॉपपुढे प्रश्न आला: जुना पत्रा पुन्हा सरळ होईल का?

आपल्याकडे डेंटिंगच्या गॅरेजमध्ये ज्यांनी थोडा वेळ घालवला असेल, त्यांना यातली अडचण कळेल. धक्का बसला की पत्रा नुसता वाकत नाही, तो ताणला जातो. ताणलेला पत्रा मागून ठोकला तर खळगा जातो, पण तिथे फुगवटा येतो, कारण आता तिथे पृष्ठभाग जास्त झालेला असतो. तो पुन्हा आकसवावा लागतो. शिवाय वाकलेला ॲल्युमिनियम कडक होतो आणि तसाच ठोकत राहिलं तर तडकतो. त्याला आधी आच देऊन मऊ करावं लागतं. पोलाद तापलं की लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम तसा रंग दाखवत नाही, ६६० अंशांना थेट वितळतं. म्हणून जुने कारागीर त्यावर साबणाची रेघ ओढतात. रेघ काळपटली की आच काढायची. मग एका बाजूनं डॉली, दुसऱ्या बाजूनं हातोडी, आणि बोटांनी चाचपत पुढे सरकायचं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं तापवून मग मठारतात, त्यामागचं धातूचं शास्त्र हेच आहे: आच मऊ करते, ठोका कडक करतो.

या सोसण्याचं फळ असं की त्या पेटीतला बहुतांश मूळ धातू वाचला. १९६३ मध्ये कोव्हेंट्रीच्या कामगारांनी घडवलेला पत्रा आज रंगाखाली तोच आहे.

हे वाचून छान वाटतं. मलाही वाटलं. पण एक गोष्ट टोचत राहते. त्या पत्र्यावर दोन इतिहास होते. एक कोव्हेंट्रीतल्या हातांचा, दुसरा माँलेरीतल्या त्या दुपारचा. पहिला वाचवताना दुसरा पुसावाच लागला. जी प्रत्येक घडी सरळ केली, ती पाच माणसांच्या मृत्यूची खूणही होती.

योगायोग असा की याच १९६४ साली, अपघाताच्या काही महिने आधी, व्हेनिसमध्ये वास्तुतज्ज्ञांनी जुन्या इमारतींच्या जतनासाठी एक सनद केली. तिचं एक तत्त्व असं की दुरुस्तीत घातलेला नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, पण नीट पाहिल्यावर तो नवा असल्याचं ओळखू यावं. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, ‘फिवा’नं, याच विचाराच्या आधारानं पुढे ‘तुरिन सनद’ स्वीकारली. मात्र बॉडीच्या कारागिराचा धर्म बरोबर उलटा आहे. जोड दिसला की काम फसलं, असं त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलेलं असतं.

मग लिंडनरची गाडी चुरगळलेलीच काचेत ठेवायला हवी होती का? मला तसं वाटत नाही. अपघाताचे अवशेष प्रदर्शनात मांडले की बघणाऱ्यांची नजर फार लवकर चटावते. पण नुसती नवी बॉडी चढवून ‘हीच ती गाडी’ म्हणणं हेही खरं नव्हतं. आणि नवी बॉडी किती निर्दोष होऊ शकते, हे २०१४ मध्ये जॅग्वारनंच दाखवून दिलं. १८ पैकी न वापरलेले ६ नंबर घेऊन कंपनीनं सहा ‘नव्या’ लाइटवेट बांधल्या. त्यासाठी जुन्या गाडीची एक बाजू डिजिटल पद्धतीनं मोजली आणि तीच आरशासारखी उलटवून दुसरी बाजू केली. १९६३ च्या हातकामात दोन बाजू इतक्या तंतोतंत जुळणं शक्यच नव्हतं. म्हणजे नकला अस्सलपेक्षा जास्त बिनचूक निघाल्या.

आकार असा मोजून पुन्हा काढता येतो. त्या दिवशी त्या ट्रॅकवर असलेला धातू मात्र पुन्हा काढता येत नाही. लिंडनर ज्या पेटीत बसला होता तीच ही पेटी, एवढं आज खरेपणानं म्हणता येतं, आणि ते त्या सात हजार तासांमुळेच. पत्रा स्वतः आता काही दाखवत नाही. दाखवायचं काम सांगणाऱ्यांवर येऊन पडलं आहे. गाडीच्या शेजारच्या पाटीवर वेग, वजन, किंमत सगळं लिहा. पण ११ ऑक्टोबर १९६४ ही तारीख लिहा, आणि लिंडनरच्या नावाखाली पात्रियाचं आणि त्या तीन मार्शलांचंही नाव लिहा. ड्रायव्हरांना निदान शर्यतीच्या नोंदीत जागा मिळते. ते तिघे तर शर्यतीत धावतही नव्हते.