सातबारा, बांध आणि कर्नल

शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावायची प्रथा आहे, पण गावाबाहेर पडलं की शेताशेताला बांध आहेतच! जमिनीच्या अशा तुकड्यांना आमच्या धंद्यात फ्रॅगमेंटेशन म्हणतात.

लिनक्सचा कर्नल मेमरी साधारणपणे ४ केबीच्या पानांत वाटतो. कधीकधी रिकामी पानं भरपूर असतात, पण विखुरलेली. साध्या प्रोग्रॅमला ते चालतं, कारण पेज टेबल सगळं सलग असल्याचा भास करून देतं. काही हार्डवेअरला मात्र खरोखरच सलग तुकडा लागतो. म्हणून २०१० साली लिनक्समध्ये कॉम्पॅक्शन आलं: वापरातली पानं एका टोकाला सरकवायची, रिकामी दुसऱ्या टोकाला जोडायची.

पण मंडळी, हे आपल्याकडे कधीच करून झालंय! हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरचा (हो, तेच.. आज आयटीवाल्यांच्या फ्लॅट्सचं!) अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. खातेदार १५६, तुकडे ७२९! पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. जमिनींची अदलाबदल करून सलग गट पाडायचे. सातबाऱ्यावरचा 'गट नंबर' तिथूनच आला.

फरक एवढाच, की ४ केबीची पानं सगळी सारखी. जमीन तशी नाही. एका तुकड्यात विहीर, दुसऱ्यात नुसता मुरूम. पान हलवलं तर प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. शेतकऱ्याला मात्र आज्यानं खणलेली विहीर सोडावी लागते. कर्नलसुद्धा काही पानांना 'अनमूव्हेबल' म्हणून हात लावत नाही.