रॉकी पर्वतातील म्यूल हरणाची शिकार: एका परवान्याचा पूर्वेतिहास

अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगांत म्यूल हरणाची पहिली शिकार करू इच्छिणाऱ्याला बंदूक हाती घेण्याच्या कितीतरी महिने आधी एक अर्ज भरावा लागतो. कोणत्या विभागात, कोणत्या तारखांना, रायफलीने की धनुष्याने, नर मारायचा की मादी, हे सारे त्या अर्जातून मिळणाऱ्या परवान्यावर नमूद असते. आणि मागणी करणारे जास्त व परवाने थोडे असल्यामुळे चांगल्या विभागांसाठी म्हाडाच्या घरांप्रमाणे सोडत निघते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच निकालात काढला असल्यामुळे, हरणे वाचवण्यासाठी शिकारीलाच शिस्त लावण्याची ही पद्धत मराठी वाचकाला काहीशी चमत्कारिक वाटेल. ती घडत असताना एक प्राणी नामशेष होण्यापासून वाचला हे खरे. परंतु त्याच वेळी काही माणसांचा पिढीजात हक्कही बुडाला, आणि शिकारीविषयीच्या गौरवपर लेखनात या दुसऱ्या बाजूला पुरेशी जागा क्वचितच मिळते.

हे हरीण ओळखायचे ते खेचरासारख्या मोठ्या कानांवरून, आणि धोका जाणवताच चारही पाय एकदम उचलून टणाटण उड्या मारत जाण्याच्या सवयीवरून. पश्चिमेच्या शोधमोहिमेवर असलेल्या मेरिवेदर लुईसने १८०५ मध्ये कानांकडे पाहूनच त्याला हे इंग्रजी नाव दिले. पुढे १८१७ मध्ये राफिनेस्क या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले, तेही ज्या प्रवासवृत्तावर विसंबून, ते वृत्तच बनावट असल्याचे नंतरच्या अभ्यासकांचे मत झाले. हरीण मात्र खरे निघाले. शिकारीच्या दृष्टीने त्याचा वार्षिक क्रम महत्त्वाचा आहे. नरांची शिंगे दरवर्षी गळून नव्याने उगवतात, वाढत असताना त्यांवर लव असलेल्या कातडीचे आवरण असते, ते ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी झडते, आणि त्या सुमारास मोठे नर वृक्षरेषेच्या आसपास, म्हणजे ज्या उंचीच्या वर थंडीमुळे झाडे वाढत नाहीत तिच्या जवळपासच्या उघड्या कुरणांत चरत असतात. बर्फ पडू लागले की ते खालच्या झुडपी माळांकडे उतरतात आणि नोव्हेंबरमध्ये माजावर येतात. वायोमिंगच्या पश्चिमेकडील डोंगराळ विभागांत रायफलीचा हंगाम १५ सप्टेंबरला उघडतो, तो नर अजून उंचावर असतानाच त्यांना गाठता यावे असाच आहे.

उंच डोंगरावरील शिकारीचे नियोजन ही गोऱ्या वसाहतवाल्यांची देणगी नव्हे. कोलोरॅडोतील रॉलिन्स पास या सुमारे ३,५५० मीटर उंचीच्या खिंडीच्या परिसरात दगड रचून केलेल्या लांबलचक बुटक्या भिंती आणि त्यांच्या टोकाशी माणूस बसून लपेल एवढे दगडांनी वेढलेले खळगे आजही दिसतात. काही माणसांनी जनावरांना हाकत त्या भिंतींच्या कडेकडेने न्यायचे आणि बाकीच्यांनी खळग्यांत दबा धरून बसायचे, अशी ही योजना हजारो वर्षे चालत आली. त्यांचे मुख्य भक्ष्य रानमेंढे आणि एल्क ही थोराड हरणे असावीत. पण वाऱ्याची दिशा, उताराचा कल आणि जनावराची ठरलेली वाट यांचा तेथे दिसणारा हिशेब आजच्या शिकाऱ्यालाही चुकलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा हिशेब मोडला. आयर्लंडमधील जमीनदार सर सेंट जॉर्ज गोर १८५४ मध्ये मोठा लवाजमा घेऊन या प्रदेशात उतरला आणि त्याने जवळपास तीन वर्षांत इतकी जनावरे मारली की त्या संहाराची तक्रार खुद्द सरकारी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली. कोलोरॅडोतील एका पर्वतरांगेला मात्र अद्याप त्याचेच नाव आहे. १८७० च्या दशकात अर्ल ऑफ डनरेव्हन याने एस्टेस पार्क हे खोरे स्वतःच्या शिकारीसाठी राखीव करण्याच्या हेतूने तेथील जमीन संशयास्पद मार्गांनी मिळवली, आणि स्थानिक वसाहतवाल्यांच्या विरोधामुळे त्याला अखेर माघार घ्यावी लागली. तथापि असे लॉर्ड डोळ्यांत भरतात म्हणून त्यांच्याकडे सारा दोष जातो. खरा उपसा केला तो १८५९ च्या सोन्याच्या लाटेनंतर उभ्या राहिलेल्या खाणवस्त्यांना मांस आणि व्यापाऱ्यांना कातडी पुरवणाऱ्या धंदेवाईक शिकाऱ्यांनी.

यावर उपाय म्हणून उभी राहिलेली चळवळ शिकाऱ्यांचीच होती. थिओडोर रूझवेल्ट आणि त्याच्या मित्रांनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला, १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा आंतरराज्य व्यापार गुन्हा ठरवला, आणि बाजारासाठी शिकार हळूहळू संपली. या व्यवस्थेचा कायदेशीर पाया १८९६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने घातला: रानातील प्राणी कोणा जमीनमालकाचा नसून जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात असतो, असे गीर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात ठरले. त्याच वर्षी, त्याच न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांनी लिहिलेला दुसरा निकाल वॉर्ड विरुद्ध रेस हॉर्स या खटल्याचा होता. १८६८ च्या तहाने शोशोनी आणि बॅनॉक लोकांना मोकळ्या सरकारी जमिनीवर शिकारीचा हक्क दिलेला होता. १८९५ मध्ये वायोमिंगच्या जॅक्सन होल भागातील वसाहतवाल्यांनी, ज्यांचा श्रीमंत पाहुण्यांना शिकारीस नेण्याचा धंदा नुकताच बाळसे धरत होता, राज्याचा कायदा पुढे करून बॅनॉक शिकाऱ्यांना पकडले, आणि त्या झटापटीत एक वृद्ध बॅनॉक मारला गेला. न्यायालयाने निर्णय दिला की १८९० मध्ये वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळताच तहातील तो हक्क संपला. एका निकालाने हरीण सर्वांचे झाले आणि दुसऱ्याने त्या ‘सर्वां’मधून तेथील मूळ रहिवासी वगळले गेले. क्रो जमातीच्या एका शिकाऱ्याच्या खटल्यात, हेरेरा विरुद्ध वायोमिंगमध्ये, ही भूमिका न्यायालयाने सोडून दिली ती २०१९ मध्ये, आणि तीही पाच विरुद्ध चार अशा मतांनी.

केवळ बंदीने काम भागत नाही, हा धडा ॲरिझोनातील कैबाब पठाराने दिला. १९०६ मध्ये रूझवेल्टने ते राखीव केले, शिकार थांबली, डोंगरसिंह आणि कोयोट यांना सरकारी खर्चाने वेचून मारण्यात आले, आणि १९२४ पर्यंत म्यूल हरणे इतकी वाढली की झाडांचा पाला त्यांची मान पोहोचेल तेथपर्यंत ओरबाडला गेला. त्यांच्या संख्येचे अंदाज ३०,००० पासून १,००,००० पर्यंत जातात, आणि या कथेतील कारणमीमांसेवर पुढील शास्त्रज्ञांनी रास्त शंका घेतल्या आहेत. उपासमार झाली याबद्दल मात्र दुमत नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरात हरणांचा कळप ग्रँड कॅन्यनच्या पार हाकून नेण्याचा घाट घातला गेला, कादंबरीकार झेन ग्रे त्यात हौसेने सामील झाला, आणि बर्फवृष्टीत तो बेत पुरता फसला. केंद्र सरकारने हरणे मारू दिली तेव्हा ॲरिझोना राज्याने हरकत घेतली. १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल केंद्राच्या बाजूने दिला.

आजचा परवाना या साऱ्यातून आकाराला आला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवले आणि परवान्यांचे शुल्क इतरत्र खर्च करण्यास मनाई केली. बाहेरच्या राज्यातील शिकाऱ्याकडून कितीतरी पट जास्त शुल्क घेणे १९७८ मध्ये वैध ठरले. सोडतीत हुकलेल्याला दरवर्षी गुण देण्याची पद्धत पुढे अनेक राज्यांत आली, न्यू मेक्सिको आणि आयडाहो यांनी ती स्वीकारली नाही. वायोमिंगमध्ये तर बाहेरच्या माणसाला घोषित रानप्रदेशात मोठ्या जनावराची शिकार करताना वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो, मग तो व्यावसायिक असो वा विनामूल्य परवाना घेतलेला स्थानिक मित्र. हा नियम सुरक्षिततेच्या नावाखाली चालत असला तरी त्याने वाटाड्यांच्या धंद्याचे चांगलेच रक्षण होते. मारलेल्या हरणाचे खाण्याजोगे मांस डोंगरावर टाकून येणे हा गुन्हा असल्यामुळे ते खाली कसे आणायचे, पाठीवर की भाड्याच्या घोड्यांवर, हे आधीच ठरवावे लागते; आणि १९६७ मध्ये कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्स येथील संशोधन केंद्रातील म्यूल हरणांत प्रथम दिसलेल्या, मेंदू पोखरणाऱ्या रोगामुळे काही विभागांत हरणाचे मुंडके तपासणीसाठी द्यावे लागते.

एवढे करूनही परवान्यांची संख्या शेवटी हिवाळा ठरवतो. वायोमिंगच्या रेड डेझर्टपासून होबॅक खोऱ्यापर्यंत सुमारे २४० किलोमीटर चालत जाणाऱ्या हरणांची वाट संशोधकांनी २०१४ मध्ये जगापुढे मांडली, आणि उन्हाळी कुरणांइतकीच हिवाळी माळरानेही जपली पाहिजेत हे त्यामुळे स्पष्ट झाले. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये बर्फ दीर्घकाळ साचून राहिले, अभ्यासासाठी गळपट्टे बसवलेली त्या वर्षीची पाडसे वसंतापर्यंत टिकली नाहीत, आणि पुढच्या हंगामासाठी राज्याच्या वन्यजीव खात्याने तेथील बाहेरच्या शिकाऱ्यांचे परवाने कमी केले.