वणव्यापासून आलिंगनापर्यंत

वनरक्षणाची कथा वनाला लावलेल्या आगीपासून सुरू व्हावी, हे विपरीत वाटेल. परंतु हिमालयाच्या कुमाऊँ-गढवाल भागात घडले ते असेच.

१९११ ते १९१७ या काळात कुमाऊँतील विस्तीर्ण वने सरकारने राखीव केली. पिढ्यान्‌पिढ्या जेथून गवत, सरपण आणि पाचोळा आणला, तेथेच डोंगरी शेतकरी अपराधी ठरू लागला. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकांनी वेठबिगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत बुडविल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात राखीव वने पेटली. मात्र हा वणवा आंधळा नव्हता. जळाली ती मुख्यत्वे चीडची वने, ज्यांपासून सरकारला राळ आणि इमारती लाकूड मिळे. बांजाच्या, म्हणजे ओकच्या, राया बहुतांशी वाचल्या. बांज गुरांना चारा देतो, शेताला खत देतो, झऱ्याचे पाणी राखतो. लोकांचे वैर झाडांशी नव्हते. त्यांच्यावर बसविलेल्या मालकीशी होते.

सरकारने चौकशी समिती नेमली, काही निर्बंध सैल केले आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम केले. गावाने आपले वन आपण राखावे, या तत्त्वाला त्यामुळे अंशतः मान्यता मिळाली. तथापि मोठी राखीव वने सरकारकडेच राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही तेथे ठेकेदारांची कुऱ्हाड चालूच राहिली. १९७० च्या जुलैमध्ये अलकनंदेला महापूर आला. उघड्या पडलेल्या उतारांचा आणि या पुराचा संबंध डोंगरातील माणसांना कोणी शिकवावा लागला नाही.

१९७३ मध्ये शेतीच्या अवजारांसाठी अंगूची मोजकी झाडे मागणाऱ्या ग्रामस्थांना नकार मिळाला. तीच झाडे क्रीडासाहित्य बनविणाऱ्या एका कंपनीला देण्यात आली. चंडीप्रसाद भट्ट यांच्या दशोली ग्रामस्वराज्य संघाच्या प्रेरणेने मंडल गावच्या लोकांनी झाडांना मिठी मारण्याचा निश्चय केला, तेच ‘चिपको’. २६ मार्च १९७४ रोजी रैणी गावातील पुरुष भरपाईसाठी चमोलीला गेले असता मजूर जंगलात शिरले. तेव्हा गौरादेवी सत्तावीस स्त्रियांसह आडव्या झाल्या. हे वन आमचे माहेर आहे, असे त्यांचे सांगणे होते. मजुरांना परतावे लागले. पुढे शासनाच्या तज्ज्ञ समितीने या स्त्रियांचे म्हणणे योग्य ठरविले आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात दहा वर्षे तोड थांबली.

परंतु ‘गाव’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. १९८० मध्ये डुंगरी-पैंतोली येथे रस्ता आणि शाळा यांच्या बदल्यात बांजाची राई देण्यास गावातील पुरुष राजी झाले होते. तीच राई स्त्रियांनी राखली. कारण ती गेली असती, तर सरपणाचा आणि चाऱ्याचा भारा दूरवरून त्यांनाच वाहावा लागला असता.

एकेकाळी वन पेटविणारे आणि पुढे त्याला कवटाळणारे, हे एकाच डोंगराचे लोक. त्यांचा स्वभाव बदलला नव्हता. बांजाच्या राईवरची त्यांची माया १९२१ मध्येही तीच होती. ज्या कायद्याला राखणदार आणि चोर यांतील भेद कळत नाही, तो आपल्या उत्तम राखणदारांनाच चोर करून सोडतो, हा या इतिहासाचा बोध आहे. वनाचा आराखडा कचेरीत आखला जातो. पण त्या वनाची किंमत भारा वाहणाऱ्या डोक्याला आधी कळते.