आम्लांच्या नावांचा इतिहास : रासायनिक नामकरणातील सिद्धांत, प्रमाद आणि दुरुस्ती (१७८२ ते १८३८)

सारांश

प्रारंभिक रसायनशास्त्रात आम्लांच्या नामकरणाचे नियम सामान्यतः पाठांतराचा विषय म्हणून शिकविले जातात. प्रस्तुत शोधनिबंधात या नियमांच्या उगमाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. १७८७ साली फ्रान्समध्ये सिद्ध झालेली नामकरणपद्धती 'प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच' या गृहीतकावर उभी होती. हे गृहीतक १८१० नंतर टिकले नाही; नावे मात्र टिकली. 'हायड्रो' हा उपसर्ग म्हणजे त्या चुकीच्या दुरुस्तीची खूण होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : नामकरण, आम्ल, ऑक्सिजन, क्लोरीन, लव्हाझिये, डेव्ही, परिभाषा.

प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याला तीन नियम सांगितले जातात. क्षाराच्या नावाचा शेवट 'एट' असा असल्यास संबंधित आम्लाच्या नावाला 'इक' प्रत्यय लागतो. उदाहरणार्थ, सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल. शेवट 'आइट' असल्यास 'अस' प्रत्यय लागतो. सल्फाइट आणि सल्फ्युरस आम्ल. शेवट 'आइड' असल्यास मात्र आधी 'हायड्रो' हा उपसर्ग आणि नंतर 'इक' हा प्रत्यय असे दोन्ही लागतात. क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल.

जिज्ञासू विद्यार्थी येथे एक रास्त प्रश्न विचारतो. हायड्रोजन सल्फ्युरिक आम्लातही आहे आणि हायड्रोक्लोरिक आम्लातही आहे. मग त्याचा उल्लेख एकाच नावात का? 'ज्या आम्लात ऑक्सिजन नाही, तेथे हायड्रो लावावे' हे पाठ्यपुस्तकातील उत्तर नियम सांगते, कारण सांगत नाही. हे कारण रसायनशास्त्राच्या तर्कात नव्हे, तर त्याच्या इतिहासात सापडते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) १७८७ पूर्वीच्या रासायनिक नावांचे स्वरूप समजून घेणे.
२) नव्या नामकरणामागील सैद्धांतिक गृहीतकाचा शोध घेणे.
३) ते गृहीतक कोसळल्यानंतर नावांचे काय झाले, याची चिकित्सा करणे.
४) मराठी परिभाषेच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व तपासणे.

त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१७८७ पूर्वीची स्थिती

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील रासायनिक नावे कारागीर, औषधविक्रेते आणि किमयागार यांच्याकडून आलेली होती. हिराकस तापवून मिळणाऱ्या तीव्र आम्लाला 'व्हिट्रिऑलचे तेल' म्हणत. वस्तुतः ते तेल नव्हते. 'अँटिमनीचे लोणी', 'जस्ताची फुले', 'गंधकाचे यकृत' ही नावे रंग, घट्टपणा किंवा आकार यांवरून पडली होती. 'शिशाची साखर' गोड लागत असे. पण ती विषारी होती. काही नावे व्यक्तींवरून, तर काही गावांवरून रूढ झाली. ग्लॉबरचा क्षार आणि इंग्लंडमधील एप्समचा क्षार ही त्याची परिचित उदाहरणे होत.

आपल्याकडील मोरचूद, हिराकस, नवसागर, सोरा, पापडखार ही बाजारातील नावेही याच जातीची आहेत. ती पदार्थ ओळखून देतात; पदार्थ कशाचा बनला आहे, हे सांगत नाहीत. मोरचूद आणि हिराकस हे दोन्ही एकाच आम्लाचे क्षार आहेत, हे त्यांच्या नावांवरून कोणालाही कळणार नाही. याउलट, ज्याला आज पोटॅशियम सल्फेट म्हटले जाते, त्या एकाच पदार्थाला त्या काळी युरोपात अनेक नावे होती. कारण तो निरनिराळ्या कृतींनी तयार होत असे आणि प्रत्येक कृतीला स्वतंत्र नाव मिळत असे. ज्ञात पदार्थांची संख्या वाढू लागली तसा स्मरणशक्तीवरील हा भार असह्य झाला.

गायतों द मॉर्व्हो यांची पाच तत्त्वे

या गोंधळावर पहिला पद्धतशीर उपाय सुचविला तो फ्रान्समधील दिजों येथील एका कायदेपंडिताने. लुई-बर्नार गायतों द मॉर्व्हो हे तेथील न्यायसंस्थेत सरकारी अभियोक्ता होते आणि त्याबरोबरच रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. स्वीडनमधील टॉर्बर्न बर्गमन यांच्या सुधारणाविषयक विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १७८२ साली त्यांनी रासायनिक संज्ञांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पाच तत्त्वांचा आशय असा : नाव हे नाव असावे, वाक्य नसावे, ते शक्यतो पदार्थाच्या घटकांशी सुसंगत असावे, पदार्थाचे स्वरूप निश्चित ठाऊक नसेल, तर चुकीची कल्पना देणाऱ्या नावापेक्षा काहीच न सांगणारे नाव बरे, नवे शब्द परिचित अभिजात भाषांतून घडवावेत, आणि ते ज्या भाषेत वापरायचे तिच्या प्रकृतीला मानवावेत.

यांतील तिसरे तत्त्व विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढील अर्धशतकाचा इतिहास म्हणजे या एका तत्त्वाचे उल्लंघन आणि त्याची पुनःस्थापना यांचा इतिहास आहे.

१७८७ ची पद्धती आणि तिचा पाया

१७८७ च्या प्रारंभी गायतों पॅरिसला आले. तेथे आंत्वान लव्हाझिये, क्लोद-लुई बर्थोले आणि आंत्वान फुरक्रॉय यांच्याशी झालेल्या चर्चेतून त्यांनी जुना फ्लॉजिस्टॉन सिद्धांत सोडला. १८ एप्रिल १७८७ रोजी लव्हाझिये यांनी विज्ञान अकादमीपुढे नव्या नामकरणाची भूमिका मांडली आणि त्याच वर्षी चौघांचा संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला. १७८८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले.

या पद्धतीचे तत्त्वज्ञान कॉंदियाक यांच्याकडून घेतलेले होते. भाषा हे केवळ विचार व्यक्त करण्याचे साधन नसून विश्लेषणाचे साधन आहे, हे त्यांचे मत लव्हाझिये यांनी स्वीकारले होते. शास्त्र सुधारायचे तर भाषा सुधारली पाहिजे आणि भाषा सुधारायची तर शास्त्र सुधारले पाहिजे, ही त्यांची धारणा होती. म्हणून नव्या पद्धतीत साध्या पदार्थाला साधे नाव आणि संयुगाला त्याच्या घटकांवरून नाव देण्यात आले.

आम्लांच्या बाबतीत या पद्धतीची रचना विशेष नेटकी होती. गंधक, फॉस्फरस व कार्बन यांच्या ज्वलनातून मिळणारे पदार्थ पाण्यात आम्लधर्मी असतात, हे लव्हाझिये यांनी पाहिले होते. त्यावरून आम्लता देणारे तत्त्व ऑक्सिजन हेच होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि 'आंबट' व 'उत्पन्न करणारा' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याला 'ऑक्सिजन' हे नाव दिले. प्रत्येक आम्ल म्हणजे ऑक्सिजन अधिक एक विशिष्ट पाया, असे एकदा मानले की नामकरण सोपे झाले. ऑक्सिजन सर्व आम्लांत समान असल्याने त्याचा उल्लेख करण्याची गरज उरली नाही; नावात पाया आला आणि ऑक्सिजनचे कमीअधिक प्रमाण प्रत्ययाने दाखविले गेले. अधिक ऑक्सिजन असता 'इक', कमी असता 'अस'; त्यांच्या क्षारांना अनुक्रमे 'एट' आणि 'आइट'. आजच्या पहिल्या दोन नियमांचा उगम हा असा आहे. सल्फ्युरिक आम्लाच्या नावात हायड्रोजन नाही. कारण हे नाव घडविणाऱ्यांच्या मते आम्लतेशी हायड्रोजनचा संबंधच नव्हता.

मिठाच्या आम्लाचा पेच

या नेटक्या रचनेत एक अडचण प्रारंभापासूनच होती. मिठापासून मिळणाऱ्या आम्लाला 'म्युरिअॅटिक आम्ल' म्हणत. लॅटिनमध्ये 'म्युरिया' म्हणजे खारे पाणी. या आम्लातून ऑक्सिजन कोणालाही वेगळा काढता आला नव्हता. १७८९ च्या आपल्या ग्रंथात लव्हाझिये यांनी ही वस्तुस्थिती मान्य केली. तरीही त्यात ऑक्सिजन असलाच पाहिजे, याविषयी त्यांनी शंका ठेवली नाही. त्या ग्रंथातील ३३ साध्या पदार्थांच्या कोष्टकात 'म्युरिअॅटिक मूलक' नावाचा, कोणीही न पाहिलेला पदार्थ समाविष्ट आहे.

शेले यांनी १७७४ मध्ये या आम्लापासून हिरवट पिवळा वायू मिळविला होता. १७८५ मध्ये बर्थोले यांनी त्याचा अर्थ आम्ल अधिक ऑक्सिजन असा लावला. त्यामुळे नव्या पद्धतीत त्या वायूचे नाव 'ऑक्सिजनयुक्त म्युरिअॅटिक आम्ल' असे झाले. सिद्धांताने नाव ठरविले आणि नंतर ते नावच सिद्धांताचा पुरावा असल्यासारखे वावरू लागले. विशेष म्हणजे प्रुसिक आम्लात आपल्याला ऑक्सिजन आढळत नाही, हे याच बर्थोले यांनी १७८७ मध्ये दाखविले होते. तथापि एका अपवादाने पद्धती डळमळली नाही.

१८०९ मध्ये गे-ल्युसॅक आणि थेनार यांनी या वायूतून तप्त कोळशाच्या साहाय्याने ऑक्सिजन काढण्याचा प्रयत्न केला; तो निष्फळ ठरला. हा वायू मूलद्रव्य असू शकेल, ही शक्यता त्यांनी नोंदविली. परंतु जुने मत सोडले नाही. विद्युतघटाच्या साहाय्याने कोळसा पांढऱ्या उष्णतेपर्यंत तापवूनही वायूत बदल होत नाही, हे हम्फ्री डेव्ही यांनी दाखविले. १८१० मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी तो वायू साधा पदार्थ असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याच्या रंगावरून 'क्लोरीन' हे नाव सुचविले.

त्यामागील त्यांचे कारण उल्लेखनीय आहे. रंग हा उघड गुणधर्म आहे. उद्या हा वायू संयुग ठरला, त्यात ऑक्सिजन सापडला, तरी या नावाने कोणतीही चूक सूचित होणार नाही आणि ते बदलावे लागणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. गायतों यांचे तिसरे तत्त्व २८ वर्षांनी असे पुन्हा प्रस्थापित झाले, आणि तेही गायतों ज्यात सहभागी होते त्याच पद्धतीच्या विरोधात.

'हायड्रो' : दुरुस्तीची खूण

क्लोरीन मूलद्रव्य ठरल्यावर म्युरिअॅटिक आम्ल म्हणजे हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे संयुग, हे स्पष्ट झाले. १८११ मध्ये आयोडिनचा शोध लागला आणि त्याचेही ऑक्सिजनविरहित आम्ल मिळाले. गे-ल्युसॅक यांनी अशा आम्लांचा हायड्रोजनवर आधारलेला स्वतंत्र वर्ग मानला. ऑक्सिजनची आम्ले हा नियम आणि हायड्रोजनची आम्ले हा अपवाद, अशी तडजोड झाली. जुनी नावे तशीच राहिली. अपवादालाच तेवढा उपसर्ग लागला. क्लोरीनच्या ऑक्सिजनयुक्त आम्लांच्या नावांत पुढे 'हायपो' आणि 'पर' या उपसर्गांची भर पडून हायपोक्लोरस, क्लोरस, क्लोरिक व परक्लोरिक ही मालिका पूर्ण झाली.

१८३८ मध्ये लीबिग यांनी धातूने विस्थापित होऊ शकणारा हायड्रोजन हे सर्वच आम्लांचे लक्षण मानले. अपवाद होता तोच नियम झाला. पुढे अरेनियस यांचा आयनसिद्धांत आणि १९२३ मधील ब्रन्स्टेड व लोरी यांची व्याख्या यांनी हायड्रोजनचे स्थान अधिक पक्के केले. परंतु नावांनी तोपर्यंत प्रयोगशाळा, कारखाने आणि पाठ्यपुस्तके व्यापली होती. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००५ च्या शिफारशींतही सल्फ्युरिक आम्लासारखी रूढ नावे मान्य ठेवलेली आहेत.

मराठी परिभाषेचा संदर्भ

ऑक्सिजनचे शब्दशः भाषांतर अनेक भाषांनी केले. जर्मनमधील 'झाउअरश्टोफ' म्हणजे आंबट द्रव्य. बंगालीतील 'अम्लजान' हाही त्याच अर्थाचा. या भाषांनी शब्दाबरोबर चूकही स्वीकारली. मराठीत रूढ झालेल्या 'प्राणवायू' या शब्दाचा आधार श्वसन हा आहे. आम्लतेचा सिद्धांत कोसळला तरी या शब्दाला बाध येत नाही.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. 'गंधकाम्ल' हे नाव विद्यार्थ्याला गंधक दाखविते. पण एकट्या या नावातून ऑक्सिजनचे प्रमाण कळत नाही. 'सल्फ्युरिक आम्ल' हे नाव ते प्रमाण दाखविते. परंतु त्यातील 'इक' मराठी कानाला निरर्थक वाटतो. त्यामुळे पाठांतराशिवाय मार्ग नाही, अशी समजूत दृढ होते. प्रत्ययाचा इतिहास सांगितल्यास हा अर्थ परत मिळू शकतो.

निष्कर्ष

१) आम्लांच्या नामकरणाचे प्रचलित नियम एकाच वेळी, एकाच तर्काने घडलेले नाहीत. 'इक' व 'अस' हे प्रत्यय १७८७ च्या ऑक्सिजन सिद्धांताचे, तर 'हायड्रो' हा उपसर्ग १८१० नंतरच्या दुरुस्तीचा अवशेष आहे.
२) सिद्धांतावर आधारलेले नाव ज्ञानाला शिस्त लावते, परंतु तो सिद्धांत चुकीचा असल्यास तेच नाव चूक लपविते. क्लोरीनची ओळख पटण्यास लागलेला विलंब याची साक्ष देतो.
३) नावे बदलणे आता व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. अध्यापनात मात्र नियमाबरोबर त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. सल्फ्युरिक आम्लाच्या नावात हायड्रोजन का नाही, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न चुकीचा नसतो. लीबिग यांच्या उत्तराच्या अगदी जवळ तो स्वतःहून पोहोचलेला असतो.