१६० चौरस फुटांचा संसार

दिवाळीला कंदील कोठे टांगावा, हा प्रश्न बी. डी. डी. चाळीतल्या बिऱ्हाडाला दरसाल पडे. मधला बोळ अंधारा, दोन्ही अंगांस दहा-दहा खोल्या, आणि खोलीला मोकळी बाजू खिडकीचीच! एवढे घर तरी कामगाराला परवडत होते का?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि माणसे गावाकडे पळाली. गिरण्यांना हात मिळेनात, तेव्हा कोठे सरकारला गरिबांच्या निवाऱ्याची आठवण झाली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पण त्याने पाडल्या जास्त आणि बांधल्या कमी. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसला. बेत ५०,००० खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक.

आणि गंमत पाहा, घरांची एवढी टंचाई असूनही वरळीच्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या! गिरणी लांब आणि भाडे पगाराला जड. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने तेथे कैदी ठेवले.

मग संसार कसे होत? बहुतेकांचे होतच नसत. बायको-मुले कोकणात नाहीतर घाटावर, आणि महिन्याला मनीऑर्डर. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे होत्या. जो कोणी कुटुंब आणी, तो भाड्याची तोंडमिळवणी करण्यासाठी गावची चार माणसे त्याच खोलीत ठेवून घेई. घरची बाई त्यांच्या भाकऱ्या थापी. पाळीवरून आलेला माणूस निजायचा म्हणून पोरांना बाहेर बोळात पिटाळावे लागे. घर राखण्यासाठी घरातलीच जागा अशी विकावी लागत होती. इतिहासाच्या पुस्तकांत लॉइडसाहेब सापडतात, या बाईचा हिशेब सापडत नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळी मात्र भरलेल्याच राहिल्या. त्या पाडून नवी घरे बांधण्याचे काम २०१७ मध्ये हाती घेतले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही घरे ५०० चौरस फुटांची आहेत. संडास घरातच, आणि निजायच्या खोल्या दोन.