कॉमेट विमानांच्या भंगाची हकीकत

सन २०२४ च्या जानेवारीच्या ५ तारखेस अमेरिकेतील पोर्टलंड शहराहून निघालेल्या एका जेट विमानाच्या धडाचा, दाराच्या जागी बसविलेला एक तुकडा भर उड्डाणात निखळून खाली पडला. ही वार्ता आली तेव्हा आमच्या कबनूरच्या घरी सोप्यात चारदोन मंडळी बसली होती. त्यांस आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकले की, हा धातूचा थकवा होय. अशी उदाहरणे पूर्वी घडलेली आहेत. शेजारच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये जॉबरचे काम करणारे एक गृहस्थ त्या मंडळींत होते. ते म्हणाले, "सर, विमान किती जुनं हुतं ते?" वर्तमानपत्र पुन्हा उघडून पाहिले. विमान कंपनीच्या ताब्यात येऊन दोन महिन्यांहून थोडेच अधिक दिवस झाले होते. "मग ते थकंल कशानं?" एवढे बोलून ते गृहस्थ चहा पिऊ लागले. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की, तो तुकडा जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातून विमान बाहेर पडताना बसविलेच गेले नव्हते. इतिहासाच्या अध्यापनात ज्याचे केस पांढरे झाले, त्यास जुने दाखले फार लवकर आठवतात. आणि आमची फजिती झाली ती त्यामुळेच.

त्या गृहस्थांचा ह्या विषयातील अधिकार आम्हांस ठाऊक असावयास हवा होता. कारण थकवा म्हणजे काय हे आम्हांस प्रथम डोळ्यांनी दाखविले ते त्यांनीच. इचलकरंजीस १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि त्या मागांचा खडखडाट पुढे पसरत आमच्या कबनुरापर्यंत येऊन पोहोचला. एके दिवशी मागाच्या क्रँकचा मोडलेला दांडा हातात घेऊन ते आमच्याकडे आले होते. मोडलेल्या तोंडाचा अर्धाअधिक भाग काळपट आणि गुळगुळीत होता. उरलेला भाग ताजा, खरखरीत व चकाकणारा. "ह्यो आज मोडला न्हाई," ते म्हणाले. "लई दिवस चिरत आलाय. आज नुसता सुटला." साधा माग मिनिटास सुमारे दीडशे फेरे करतो. दहा तास अखंड चालला तर ते नव्वद हजार होतात. एका फेऱ्याचा भार त्या दांड्यास काहीच नव्हे. पण तोच भार लक्षावधी वेळा चढला व उतरला म्हणजे एखाद्या कोपऱ्याशी केसाएवढा तडा जातो, तो दर फेऱ्यास कणभर वाढतो, आणि शेवटी शिल्लक राहिलेले लोखंड नेहमीचेच ओझे एका क्षणी टाकून देते. युरोपात हे ज्ञान आगगाडीच्या आसांनी शिकविले. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून भयंकर अपघात झाला; पुढे व्होलर नावाच्या जर्मन अभियंत्याने कित्येक वर्षे आसांवर प्रयोग करून ह्या रोगाचे नियम बसविले. म्हणजे १९५० च्या सुमारास ही गोष्ट विद्वानांस नवी नव्हती. असे असता ती आकाशात का हुकली, हाच ह्या लेखाचा विषय आहे.

२ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला जाणारे कॉमेट जातीचे विमान उतारू घेऊन निघाले, आणि जगातील जेट उतारू-वाहतुकीस आरंभ झाला. डी हॅविलंड कंपनीने बांधलेले व ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनने चालविलेले हे विमान त्या काळच्या इतर विमानांच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून जाई. त्याच वर्षीच्या ऑगस्टात कोलंबोच्या मार्गावरील कॉमेट मुंबईस उतरू लागली, आणि पुढे एअर-इंडिया इंटरनॅशनलनेही कॉमेटच्या सुधारलेल्या नमुन्याची मागणी नोंदविली. दुसऱ्या महायुद्धाने खंगलेल्या ब्रिटनला अमेरिकेच्या पुढे गेल्याचे समाधान देणारी ही एकच वस्तू त्या वेळी होती, ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना विसरून चालणार नाही.

पस्तीस-चाळीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की, उताऱ्यांसाठी आत दाट हवा कोंडून ठेवावी लागते. कॉमेटच्या धडात बाहेरच्यापेक्षा दर चौरस इंचास सव्वाआठ पौंड अधिक दाब असे. हा आकडा वाचकांस क्षुल्लक वाटेल. परंतु एक फूट लांब व एक फूट रुंद पत्र्याच्या तुकड्यावर त्याचा भार सुमारे ११९० पौंड, म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक होतो. आणि तो पत्रा पोस्टकार्डाहून फारसा जाड नव्हता असे म्हटले तर थोडीशीच अतिशयोक्ती होईल. विमान वर गेले की धड फुगे, खाली आले की सैल पडे. मागाचा दांडा एका मिनिटात दीडशे फेरे करतो. विमानाचे धड एका उड्डाणात एकच फेरा करते. बहुधा ह्याच हिशेबाने सर्वांस निर्धास्त केले असावे.

बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, सिंगापूरहून लंडनला जाणारे कॉमेट कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघाले. वेळ दुपारी साडेचारची. वैशाखात बंगालवर अकस्मात चालून येणारे वादळ, ज्यास तिकडील लोक कालबैशाखी म्हणतात, ते त्याच वेळी घोंगावत आले होते. उड्डाणानंतर सुमारे सहा मिनिटांनी विमानाशी संबंध तुटला. कलकत्त्याच्या वायव्येस जगलगोरी नामक खेड्याच्या लोकांनी पंख नसलेले एक जळते धड पावसातून खाली येताना पाहिले. त्रेचाळीस माणसे होती. एकही वाचले नाही. अवशेष कित्येक मैल शेतांत विखुरले होते, ह्याचा अर्थ विमान जमिनीवर आपटून नव्हे तर आकाशातच मोडले होते. भारत सरकारने चौकशी केली. निर्णय असा झाला की, विमानाचा सांगाडा वादळात मोडला. आणि त्याचे कारण एक तर वाऱ्याचे प्रचंड धक्के, किंवा त्या धक्क्यांत वैमानिकाने सुकाणू गरजेपेक्षा अधिक जोराने ओढणे. वादळ सर्वांच्या डोळ्यांदेखत आलेले होते. कारण शोधावयास आणखी कोठे जावे, असे कोणास वाटले नसल्यास त्यात नवल नाही.

आठ महिन्यांनी वादळ नव्हते. १० जानेवारी १९५४ रोजी सिंगापूरहूनच आलेले, कलकत्ता व कराची ह्या वाटेने गेलेले एक कॉमेट सकाळच्या स्वच्छ हवेत रोमहून निघाले आणि वीसेक मिनिटांत एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. पस्तीस माणसे गेली. त्यांत दहा मुले होती, आणि महायुद्धाच्या अखेरच्या पर्वाचा प्रसिद्ध इतिहासकार चेस्टर विल्मॉट हाही होता. १९५२ साली जेट वाहतुकीचा नारळ फोडणारे विमान ते हेच. कॉमेटची उड्डाणे बंद झाली. पुढील दहा आठवड्यांत तज्ज्ञांनी आग, कंपन, इंजिनाची पाती, असे ज्याचे भय वाटले त्यावर उपाय योजून विमानांत सुमारे साठ सुधारणा केल्या. इंजिन व इंधनाच्या टाक्या ह्यांच्या मध्ये पोलादी ढाली बसविल्या. २३ मार्चला उड्डाणे पुन्हा सुरू झाली. ८ एप्रिलला रोमहून कैरोला निघालेले कॉमेट एकवीस माणसांसह नेपल्सच्या जवळ समुद्रात पडले. साठही उपाय केले गेले होते. धडाच्या पत्र्याकडे मात्र कोणी वळले नव्हते.

त्याचे कारण केवळ हलगर्जीपणा नव्हे. डी हॅविलंड कंपनीने धडाच्या नमुन्यावर दाब चढविण्या-उतरविण्याची परीक्षा घेतलेली होती, आणि तो नमुना अठरा हजारांच्या आसपास फेरे टिकला होता. एल्बाजवळ पडलेल्या विमानाने अवघी १,२९० उड्डाणे केली होती, आणि नेपल्सच्या विमानाने ९००. हिशेबाने दोन्ही विमाने तरुण होती. आमच्या जॉबर-मित्रांनी विचारला तोच प्रश्न येथे तज्ज्ञांनी स्वतःस विचारला, आणि त्याच प्रश्नाने त्यांस चकविले.

फार्नबरो येथील सरकारी संशोधनसंस्थेचे प्रमुख आर्नल्ड हॉल ह्यांच्याकडे काम सोपविण्यात आले. त्यांनी एक संपूर्ण कॉमेट मोठ्या हौदात उतरविले, पंख हौदाच्या भिंतींतून बाहेर ठेवले, आणि धडात पाणी भरून त्याचा दाब वाढवीत व कमी करीत रात्रंदिवस खोटी उड्डाणे चालविली. हवेऐवजी पाणी घेण्यात मोठे शहाणपण होते. कोंडलेली हवा सुटली की बाँबसारखा स्फोट होऊन सारे तुकडे होतात आणि आरंभ कोठे झाला ते कळत नाही. पाणी दबत नसल्यामुळे तडा जाताच दाब ओसरतो, आणि जखम जशीच्या तशी पाहावयास मिळते. त्या विमानाने आकाशात १,२२१ फेऱ्या केल्या होत्या. हौदात आणखी १,८३६ झाल्यावर, १९५४ च्या जूनच्या अखेरीस, एका चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेला तडा पत्रा फाडीत गेला.

तिकडे ब्रिटिश आरमाराने पाण्याखाली दूरदर्शनाचे कॅमेरे सोडून एल्बाजवळच्या समुद्रतळातून विमानाचा बहुतेक भाग गोळा केला. शेपटीत अडकलेला गालिच्याचा तुकडा व पंखावर उमटलेला धडाचा रंग ह्यांनी सांगितले की, प्रथम धड फुटले आणि बाकीचे नंतर. पिसा येथील वैद्यांनी मृतांची फुप्फुसे फाटलेली पाहून हेच अनुमान आधी काढले होते. शेवटी छताचा एक तुकडा सापडला. बिनतारी यंत्राच्या एरियलसाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी, रिवेटच्या छिद्राजवळ, थकव्याची ती ओळखीची खूण होती. उताऱ्यांच्या चौकोनी खिडक्यांनी कॉमेट बुडविले असे सर्वत्र सांगतात. पण ह्या विमानाचा घात छतावरील त्या झरोक्याने केला, हे येथे नोंदवून ठेवणे बरे.

राहिले ते अठरा हजार. कंपनीने परीक्षेसाठी घेतलेल्या नमुन्यास अगोदर, बळकटी पाहण्यासाठी म्हणून, नेहमीच्या दुप्पट दाब दिला होता. त्या दाबाने कोपऱ्यांचा धातू ताणला जाऊन कठीण झाला, आणि पुढे थकव्यास तोंड देण्यास इतर विमानांपेक्षा अधिक समर्थ ठरला. म्हणजे ज्याची परीक्षा झाली ते धड, आणि ज्यात माणसे बसली ते धड, ही एक नव्हती. आमच्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुःखद गोष्ट हीच होय. येथे कोणी खोटे बोलले नाही, उलट अधिक काळजी घेण्याच्या हौसेनेच परीक्षा निकामी झाली. लॉर्ड कोहेन ह्यांच्या न्यायालयाने १९५५ साली अहवाल दिला, त्यात कोणासही दोषी धरले नाही. सुधारलेले कॉमेट १९५८ साली अटलांटिकवरून उडू लागले तोवर बोइंग तयार होते, आणि आपल्या एअर-इंडियाने १९६० साली घेतले तेही बोइंगच.

विद्या मिळाली म्हणून रोग गेला नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या विमानाच्या छताचा सुमारे अठरा फूट भाग चोवीस हजार फुटांवर उडून गेला. एक परिचारिका आकाशात ओढली गेली, आणि बाकीच्या चौऱ्याण्णव जणांस घेऊन ते उघडे विमान तेरा मिनिटांत माउई बेटावर उतरले. त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती. एकोणीस वर्षांचे हे आयुष्य आमच्या शेजारच्या मागाच्या एका लांब पाळीइतके भरते. विमानात चढताना एका उतारू बाईस दाराजवळ पत्र्यात तडा दिसला होता; ती कोणास काही बोलली नाही.

आता जगलगोरीकडे वळले पाहिजे. १९५४ चे ज्ञान हाती घेऊन १९५३ च्या चौकशीवर ठपका ठेवणारे लेखक अनेक आहेत, आणि जानेवारी २०२४ पूर्वी आम्हीही वर्गात तसेच सांगत असू. परंतु लॉर्ड कोहेन ह्यांच्यापुढे प्रश्न होता तो एल्बा व नेपल्सच्या विमानांचा. कलकत्त्याचे विमान थकव्याने मोडले असे कोणत्याही न्यायालयाने ठरविलेले नाही. त्या दिवशी वादळ खरोखरीच होते, आणि त्या वादळाने एखादे निरोगी विमानही मोडले असते. तेव्हा त्या चौकशीने चूक केली असे आम्ही म्हणत नाही. आम्हांस एवढेच दिसते की, बंगालच्या शेतांतून गोळा केलेल्या त्या पत्र्याच्या कडा, काळपट कोणत्या आणि चकाकणाऱ्या कोणत्या, हे निरखून पाहण्याची निकड कारण आधीच सापडल्यामुळे कोणास भासली नाही. आणि त्यानंतरच्या अकरा महिन्यांत कॉमेटमध्ये बसून आणखी छप्पन्न माणसे गेली.